काटा 55 वर

आजवर पाहिलेला सगळ्यात भयानक सिनेमा कोणता, हा प्रश्न जेवणं उरकून गप्पा रंगल्या की हमखास निघतो. उत्तरंही ठरलेली असतात. जुनी मंडळी ‘महल’ नाहीतर ‘बीस साल बाद’ म्हणतात, त्यानंतरचे ‘रात’ म्हणतात, तरुण पोरं ‘तुंबाड’. घर मराठी असेल तर कुणीतरी ‘लपाछपी’तला उसाचा फड काढतंच. आमच्या भोपाळात अलीकडे ‘स्त्री’चा नंबर पहिला लागतो, कारण तिचं शूटिंग चंदेरीत आणि इथे आसपास झालं. रोजच्या जाण्यायेण्यातली भिंत पडद्यावर दिसली की घाबरतानाही छाती जरा फुगते.

या उत्तरांशी माझं भांडण नाही. पण या शहरात राहून मला ती पुरत नाहीत. इथली सगळ्यात भयानक गोष्ट म्हणजे गेजवरचा एक काटा.

2 डिसेंबर 1984, रविवारची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात अर्धवट जमिनीत गाडलेली टाकी, नाव ई-610. आत 40 टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’. दहा वाजून वीस मिनिटांनी टाकीतला दाब दर चौरस इंचाला 2 पौंड. पाळी बदलली. अकराला काटा 10 वर. 10 म्हणजे काही फार नाही, म्हणून कुणी दचकलं नाही. साडेअकराच्या सुमाराला कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले. डोळे चुरचुरणं तिथे नित्याचंच होऊन बसलं होतं. गळती कुठे आहे ते चहा झाल्यावर बघू, असं ठरलं. चहा झाला. साडेबारा उलटले तेव्हा काटा 30 वर होता, आणि बघता बघता 55 वर, गेजवरच्या शेवटच्या आकड्यावर जाऊन टेकला. टाकीवरचं काँक्रीट हादरून तडकलं.

एवढंच दृश्य. किंकाळी नाही, काळी मांजर नाही, दार करकरत नाही. मला याहून भयानक दृश्य माहीत नाही.

त्या चहावरून कामगारांकडे बोट दाखवणाऱ्यांचा मला संताप येतो. मिक युनिटमधली पाळीची माणसं 12 वरून 6 वर कुणी आणली? रात्रपाळीच्या देखभाल सुपरवायझरची जागा कुणी रद्द केली? टाकीतलं मिक थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन काही महिने बंद होतं. सुटलेला वायू धुऊन निकामी करायचा तो स्क्रबर त्या वेळी उपयोगी पडला नाही. उरलेला वायू जाळून टाकायचा तो फ्लेअर टॉवर, त्याच्या नळाचा तुकडाच दुरुस्तीसाठी काढलेला. पाण्याचे फवारे होते, पण ज्या उंचीवरून वायू बाहेर पडत होता तिथवर पाणी पोचतच नव्हतं.

त्याच 1984 साली रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ तुफान चालला होता. त्यातल्या सामरी सैतानाला धाकात ठेवायला एक त्रिशूळ असतो. कुणीतरी मूर्खपणा करतो, सैतान सुटतो, मारामारी होते, शेवटी सैतान जळतो आणि लोक घरी जाऊन झोपतात. भुताच्या सिनेमाचा हा करार असतो: संकटाला चेहरा असेल, त्यावर तोडगा असेल, आणि तीन तासांत निकाल लागेल. कार्बाइडच्या आवारातही तोडगे होते, एक सोडून चार. खर्च वाचवण्यात आणि चालढकलीत चारही त्या रात्री कुचकामी ठरले. ही कथा कुणा रामसेला सुचली नसती, कारण प्रेक्षकाने ती खोटी ठरवली असती.

बरं, पडद्यावर आलं काय? महेश मथाईंचा ‘भोपाल एक्सप्रेस’ 1999 चा. नवं लग्न झालेलं जोडपं, के के मेनन, नसीरुद्दीन शाह, आणि अमेरिकेत तो डेव्हिड लिंचच्या नावाने दाखवला गेला. 2014 साली रवी कुमार यांचा ‘भोपाल: अ प्रेयर फॉर रेन’ आला. त्यात मार्टिन शीन कंपनीचा अध्यक्ष वॉरन अँडरसन झाला आणि राजपाल यादव कारखान्यात नोकरी मिळालेला गरीब रिक्षावाला. राजपाल यादवला आपण विनोदी म्हणून बसवून टाकलंय. हा सिनेमा बघा म्हणजे त्याच्यावर आपण किती अन्याय केला ते कळेल. नोकरी लागल्याचा त्याचा आनंद बघताना पोटात गोळा येतो, कारण पुढचं आपल्याला ठाऊक असतं आणि त्याला नसतं. मग 2023 साली नेटफ्लिक्सवर ‘द रेल्वे मेन’ ही मालिका. पुन्हा के के मेनन, या वेळी स्टेशनमास्तर. ‘भोपाल एक्सप्रेस’मध्ये कारखान्यात काम करणारा तोच नट 24 वर्षांनी फलाटावर लोकांना वाचवताना दिसतो.

‘द रेल्वे मेन’ मी एका बैठकीत पाहिली आणि रडलेही. भोपाळ स्टेशनवर त्या रात्री गुलाम दस्तगीर या अधिकाऱ्याने वर परवानगी मागत न बसता गाडी वेळेआधी सोडली आणि शेकडो जीव वाचवले. त्यांची आठवण देशभर पोचली हे चांगलंच झालं. तरीही माझी तक्रार आहे. सगळे कॅमेरे त्या रात्रीकडे धावतात. धूर, पळापळ, खोकला, फलाटावरची प्रेतं. स्टेशनवर निदान कुणाला तरी वाचवता येतं, म्हणून गोष्ट स्टेशनवर नेली की प्रेक्षकाला श्वास घेता येतो. कारखान्याजवळच्या वस्त्यांत, जयप्रकाश नगरात, काझी कॅम्पात, छोल्यात कुणाला श्वास घेता आला नाही.

आणि तिथे लागत काय होतं? एक ओलं फडकं. मिक पाण्याशी प्रक्रिया करतं. ओलं फडकं नाकातोंडावर धरून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालत राहिलेल्यांना वाचण्याची आशा जास्त होती. जे जीव घेऊन धावले त्यांनी धापा टाकत जास्त विष आत ओढलं. पाण्याचा माठ घरोघरी होता, फडकं घरोघरी होतं, सांगणारं कुणी नव्हतं. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडाच वेळ वाजवून बंद केला गेला, कारण किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत असा कंपनीचा नियम होता. लोकांनी घाबरू नये! हमीदिया रुग्णालयात माणसं गुराढोरांसारखी येऊन पडत होती तेव्हा डॉक्टरांना कशावर उपचार करायचे तेच ठाऊक नव्हतं, आणि कंपनीकडून कळत होतं की हा वायू डोळे चुरचुरवतो, जीव घेत नाही. भोंग्याचा तो नियम कागदावर लिहिला जात असताना त्या खोलीत कोण कोण बसलं होतं, कुणी मान डोलावली, कुणी चहा मागवला, हे दृश्य मला पडद्यावर बघायचं आहे. ते अजून कुणी नीट दाखवलेलं नाही.

त्याऐवजी काय बनतं, तर ‘भोपाळच्या झपाटलेल्या जागा’. मोबाइलच्या उजेडात बंद कारखान्याच्या भिंतीशी उभं राहून पोरं कुजबुजतात, मागे संगीत लावतात, कुठल्या तरी बाईच्या रडण्याचा आवाज ऐकू आल्याचं सांगतात. हे थांबवा. मेलेली माणसं कारखान्यात मेली नाहीत, ती भिंतीबाहेर आपापल्या घरात आणि रस्त्यावर मेली. त्यांना नावं होती. नुकसानभरपाईसाठी सरकारदरबारी मान्य झालेले मृत्यूच 5,295 आहेत आणि वाचलेल्यांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. त्यांतल्या कुणाच्या विधवेच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून तिच्या नवऱ्याचं भूत विकायचं, याला करमणूक म्हणत नाहीत.

या शहरात भीतीची पटकथा वेळेआधी लिहिणारा माणूस होता, राजकुमार केसवानी. डिसेंबर 1981 मध्ये कारखान्यात फॉसजीनने एक कामगार गेला. केसवानी कागदपत्रं खणत बसले आणि 1982 मध्ये आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात त्यांनी लिहिलं की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसलंय. कुणी लक्ष दिलं नाही. जून 1984 मध्ये त्यांनी ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिलं. सहा महिन्यांत सगळं खरं झालं. ‘प्रेयर फॉर रेन’मधला पत्रकार आणि ‘रेल्वे मेन’मधला पत्रकार, दोघांच्याही मागे केसवानी उभे आहेत. गंमत अशी की हा माणूस आतून सिनेमावेडा. ‘मुगल-ए-आझम’ कसा बनला यावर त्यांनी हिंदीत भलंथोरलं पुस्तक लिहिलं, ते 2020 मध्ये आलं, आणि पुढच्याच वर्षी कोविडने ते गेले. सिनेमा आणि कार्बाइड दोन्ही आतून जाणणारा असा दुसरा माणूस भोपाळात नव्हता. त्यांच्याकडून पटकथा लिहून घ्यावी असं एकाही निर्मात्याला वाटलं नसेल, तर त्या निर्मात्यांची मला कीव येते.

मराठी माणसाने ताठ मानेने सांगावं असं एक नाव या प्रकरणात आहे, आणि ते आपण सांगत नाही. सुहासिनी मुळे. ‘भुवन शोम’ची नायिका, ‘लगान’मधली भुवनची आई एवढीच ओळख बहुतेकांना असते. ‘एक अनेक और एकता’ करणाऱ्या विजया मुळे यांची ही मुलगी. तिने तपन बोस आणि सलीम शेख यांच्यासोबत ‘भोपाल: बियाँड जेनोसाइड’ हा माहितीपट केला, 1986 मध्ये. म्हणजे जखम ओली असताना, खटला पुढे पडलेला असताना. त्यात नट नाहीत, मेकअप नाही. माणसं बोलतात आणि कॅमेरा नजर वळवत नाही. भयपटांच्या कुठल्याही यादीत हे नाव येत नाही. माझ्या यादीत ते सगळ्यांच्या वर आहे.

आणि सैतानाचं काय झालं? अँडरसन 7 डिसेंबर 1984 ला भोपाळात आला, अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि सरकारी विमानाने तो दिल्लीला गेला. खटल्यासाठी तो परत आला नाही. 2014 मध्ये फ्लोरिडात वयाच्या 92 व्या वर्षी मेला. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. जून 2010 मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना लगेच जामीनही मिळाला. मार्च 2023 मध्ये जादा भरपाईची केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ‘पुराना मंदिर’मध्ये सैतान शेवटी जळतो. इथे जळला तो फक्त कारखान्यातला विषारी कचरा, तोही 40 वर्षांनी: 337 टन, बारा कंटेनरांत भरून जानेवारी 2025 मध्ये पिथमपूरला नेला. तिथले लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगाला आग लावून घेतली. जूनच्या अखेरीस जाळणं संपलं असं जाहीर झालं. कारखान्याच्या आवारातली माती आणि खालचं पाणी मात्र जागच्या जागी आहे.

दर 2 डिसेंबरला इथे मेणबत्त्या लागतात, भाषणं होतात. यंदा त्यासोबत एक काम करावं. ‘बियाँड जेनोसाइड’ शहरातल्या प्रत्येक शाळेत दहावीच्या मुलांना दाखवावा, आणि तो बघून झाल्यावर पोरांना फळ्यावर लिहून द्यावं: वायू सुटला तर ओलं फडकं नाकावर, वाऱ्याच्या आडव्या दिशेने चाला, धावू नका. कारखान्यांच्या वसाहती सगळीकडे आहेत: मंडीदीप भोपाळला खेटून आहे, पिथमपूर इंदूरला खेटून. पुणे जिल्ह्यात चाकण आणि कुरकुंभ, रायगडात महाड, ठाण्याच्या पलीकडे डोंबिवली, कोकणात लोटे. तिथल्या शाळांनाही हा माहितीपट पाठवा. आणि जिथे रासायनिक कारखाना आहे, तिथल्या ग्रामसभेने जाऊन विचारावं की भोंगा कोण वाजवणार, किती वेळ वाजवणार, आणि तो बंद करायचा हक्क कुणाला आहे. उत्तर लेखी घ्यावं.