गाजराची पुंगी

माझ्या नव्या मॉनिटरवर २०,७३,६०० बिंदू आहेत. आडव्या ओळीत १९२०, उभ्या ओळीत १०८०. गुणाकार कोणीही करून पाहावा. त्यांतले २०,७३,५९९ बिंदू सांगितलेलं काम मुकाट करतात. एक करत नाही. तो काळा तो काळाच. मागे पांढरं पान असो, निळं आभाळ असो की नातवाच्या मुंजीचा फोटो, त्याला सोयरसुतक नाही.

दुसऱ्या कोणाच्या घरी हा मॉनिटर गेला असता तर त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण मी पडलो मुद्रितशोधक. दिवाळी अंकांची प्रुफं तपासायची म्हणून तर हा चोवीस इंची पडदा आणला. पूर्ण पान एका नजरेत दिसेल एवढं लहान केलं, की अनुस्वार जेमतेम एका-दोन बिंदूंचा उरतो. म्हणजे माझ्या पडद्यावर एक कायमचा, फिरत्या पानांवरचा, कोणाच्याही डोक्यावर बसू शकणारा अनुस्वार आहे. पान वर सरकवलं, की घरमालक भाडे मागतो. थोडं खाली सरकवलं, की तोच भांडे मागतो. एका ग्रामीण कथेत शेतकऱ्याला खत मिळालं नव्हतं, तिथे मी त्याला खंत मिळवून दिली होती. पान हलवलं म्हणून लेखकाला फोन करायचा राहिला. १९६२ साली मराठीच्या लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चार नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या काळात हा ठिपका आला असता तर कुठेतरी सहज सामावून गेला असता. आता जागा नाही.

तसा दोष माझा नाही, भाच्याचा आहे. मॉनिटर जोडून दिल्यावर त्याने विचारलं, “मामा, पिक्सेल टेस्ट करू या ना?” मला वाटलं, असेल काहीतरी पूजेसारखं, नव्या वस्तूला करायचं. त्याने पडदाभर पांढरा रंग लावला, मग काळा, लाल, हिरवा, निळा. पांढऱ्यावर तो थबकला. बोट न टेकवता दाखवून म्हणाला, “हा बघा, डेड आहे.” घरात काही वर्षांत कोणी हा शब्द इतक्या आनंदाने उच्चारला नसेल.

सौभाग्यवतींनी चष्मा लावून पाहिलं, मग पदराने पुसून पाहिलं. “अहो, माशीचं असेल.” नव्हतं. मग त्यांनी तोडगा सुचवला, “तिथे वाचू नका ना. एवढा मोठा आणलाय, बाकीचा आहे की!” हा सल्ला किती शहाणपणाचा होता हे कळूनही तो पाळता येईना. एकदा माहीत झालं, की पाहायचं नाही असं ठरवलेली जागाच आधी दिसते. शेजारचे जोशीकाका आले, त्यांना दाखवला. आधी त्यांना दिसेना, मग दिसला, आणि मग चहा संपेपर्यंत ते माझ्याशी न बोलता त्या ठिपक्याशीच बोलत होते.

आता ठिपका मरतो कसा, हे जाणून घेणं आलं. प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपबिंदू, आणि प्रत्येक उपबिंदूला वीज सोडणारा-तोडणारा स्वतःचा ट्रान्झिस्टर. म्हणजे माझ्या पडद्यात बासष्ट लाखांवर ट्रान्झिस्टर काचेवर बसवलेले आहेत. धुळीचा एक कण नको तिथे बसला तरी काम बिघडतं. माझ्या पडद्याच्या जातीत वीज न पोचलेला बिंदू काळा राहतो. काही स्वस्त पडद्यांत उलटं, वीज नसली की तो लखलखतो. अडकून एकाच रंगात पेटून राहिलेला बिंदू कधीकधी भराभर रंग बदलून जागा करता येतो म्हणतात. भाच्याने तेही केलं. पडदा असा काही लुकलुकायला लागला, की जोशीकाका डीजे आला का म्हणून विचारायला आले. पण माझा अडकलेला नव्हता, गेलेला होता. ओल्या फडक्याने हलके दाबण्याचाही एक उपाय सांगतात. माझं मत असं, की काचेला लागूनच द्रव भरलेला असताना त्यावर अंगठा दाबणं हे उपचारात नाही, धाडसात मोडतं.

तो द्रव म्हणजे द्रवस्फटिक, आणि त्याची जन्मकथा मला फार आवडली. फ्रीडरिश राइनित्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ प्रागमध्ये गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. १८८८ साली त्याच्या लक्षात आलं, की त्यापासून बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळतो. १४५.५ अंशांना त्याचा गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव स्वच्छ होतो. मधली ती धड ना घन धड ना द्रव अवस्था आज आपल्या भिंतींवर, टेबलांवर आणि खिशांत आहे. म्हणजे मॉनिटरचं मूळ गाजरात. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, हे ज्याने कोणी म्हणून ठेवलं त्याला हे ठाऊक नसणार. फक्त मॉनिटर मोडून खाता येत नाही. तो परत द्यावा लागतो, आणि तिथेच खरी गोची आहे.

मी तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला फोन केला. “काका, एक डॉट? एक डॉट कंपनी डिफेक्ट धरत नाही.” मला वाटलं, थाप. पण थाप नव्हती. २००१ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने यासाठी रीतसर मानक काढलं, आयएसओ १३४०६-२. त्यात पडद्यांचे चार वर्ग. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख बिंदूंमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम काळे आणि पाच सदोष उपबिंदू चालतात. बहुतेक उत्पादक याच वर्गावर बोट ठेवत. २००८ मध्ये त्या जागी ९२४१ क्रमांकाच्या मालिकेतली मानकं आली, तरी वर्गांची रीत सुटली नाही. म्हणजे जुन्या हिशोबाने माझ्या वीस लाखांच्या पडद्यावर चार काळे ठिपके असते तरी तो ‘निर्दोष’च ठरला असता. दुकानदाराच्या दृष्टीने मला तीन ठिपके कमी मिळाले होते.

रागापेक्षा मला हेवा वाटला. माझ्या धंद्यात असं मानक का नाही? दर दहा लाख अक्षरांमागे दोन ऱ्हस्व-दीर्घ, दोन सुटलेले अनुस्वार, पाच किरकोळ उपचुका माफ, वर्ग दुसरा. संपादकांचा फोन आला की शांतपणे सांगायचं, “साहेब, एक वेलांटी डिफेक्ट धरत नाहीत.” तीनशे पानांचा अंक डोळे फोडून तपासावा आणि वाचकाचं पत्र यावं ते पान १८७ वरच्या एका उकाराबद्दल. त्या वाचकाला कोणी गढूळ द्रवाची जन्मकथा ऐकवत नाही.

कायद्याचं म्हणणं वेगळं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत गुणवत्तेतली कोणतीही खोट, अपूर्णता किंवा उणीव येते. वाचून ऊर भरून आला. पण पुढे आहे, की ही गुणवत्ता कायद्याने किंवा कराराने राखायची ठरलेली हवी. आणि करार म्हणजे खोक्यातलं ते बारीक टायपातलं पत्रक, जे मी मुद्रितशोधक असूनही वाचलं नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावावा असंही मनात आलं. एका ठिपक्यासाठी सरकारला उठवणं बरं दिसेना.

मग दुकानदारच विरघळला. “बरं काका, आठवड्याच्या आत आणा, खोक्यासकट. बदलून देतो. पण पुढचा कसा निघेल ते मी नाही सांगू शकत हां.” या शेवटच्या वाक्याने झोप उडाली. आता आहे तो ठिपका ओळखीचा आहे, उजवीकडे आहे. पुढचा बरोबर मधोमध निघाला तर? दोन निघाले तर? विसर्ग झाला तर?

याच घोळात कुठेतरी वाचलेलं आठवलं. माणसाच्या प्रत्येक डोळ्यात एक जागा आंधळी असते. दृष्टीची नस जिथून मागे मेंदूकडे जाते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. सतराव्या शतकात मारियॉट या फ्रेंच माणसाने ती दाखवून दिली. हातभर अंतरावर ती जागा चांगली लिंबाएवढी भरते. पाव मिलिमीटरच्या ठिपक्यावर कुरकुर करणारा मी जन्मापासून दोन लिंबं घेऊन हिंडतो आहे, आणि मेंदू आजूबाजूचा रंग ओढून ती भोकं बुजवत असल्याने कधी कळलंही नाही. ही माहिती सौभाग्यवतींना सांगितली. त्या म्हणाल्या, “मग मेंदूला सांगा, हेही बुजव म्हणावं.”

मेंदूने ऐकलं नाही. शेवटी मी तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं आणि जागेचा विचार केला. ठिपका कडेला, टास्कबारच्या पट्टीत असता तर ठेवला असता. हिरवा असता तरी ठेवला असता, हिरवा अनुस्वार कोणी देत नाही. पण काळा, आणि तोही बरोबर जिथे मजकुराचा दुसरा स्तंभ येतो तिथे; तो ठेवून माझा धंदा होणार नाही. मी मॉनिटर बदलून आणला. दुकानदाराने कुरकुर केली नाही, फक्त पोऱ्याला म्हणाला, “काकांना नीट बघून दे रे,” आणि पोऱ्याने नीट बघून सीलबंद खोकं दिलं.

संध्याकाळी भाचा उत्साहाने आला. “मामा, टेस्ट करू या?” मी त्याला भजी खायला घातली आणि मॉनिटरची वायर काढून ठेवली. नव्या पडद्यावर काय आहे, काय नाही, मला ठाऊक नाही; दोन अंकांची प्रुफं गेली, अजून कोणाचं पत्र आलेलं नाही.

तुम्ही नवा पडदा घेणार असाल तर एवढंच सांगतो. तपासायचाच असेल तर पहिल्याच दिवशी तपासा, आणि परत घेण्याची मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल आणि बिल माळ्यावर टाकू नका.