कतारगामात कोणी बसत नाही

सुरतेच्या हिरा कारखान्यांना तेजी-मंदीचा भरवसा नसतो, दिवाळीच्या सुट्टीचा मात्र पक्का असतो. इथले रत्नकलाकार बरेचसे सौराष्ट्रातले, अमरेली-भावनगरकडचे. (रत्नकलाकार हे छापील नाव, गल्लीत हीराघसू.) दिवाळीला कारखाने चांगले दोन-तीन आठवडे बंद होतात आणि सगळी मंडळी गावी जातात. त्याआधी माल निघायला हवा, म्हणून यंत्रं धडधाकट हवीत, म्हणून यंत्र दुरुस्त करणारा माणूस ऐन नवरात्रात हवा. तो माणूस मी. कच्चा हिरा कॅमेऱ्यापुढे गरगर फिरवून त्यातून केवढा पैलूदार हिरा निघेल हे सांगणारी यंत्रं आमची कंपनी विकते. ती सांगेनाशी झाली की कंपनी मला कतारगामला धाडते.

"दरवर्षी माळ चढायला लागली की तुम्ही सुरतेला," बायको म्हणाली. "यंदा घट थोरल्या जाऊबाईंकडे आहेत. आम्हीही येतो."

"मी कामाला जातोय."

"तुम्ही करा की काम. आम्ही गरबा बघू."

मुलीची चनियाचोळी आधीच आणून झाली होती, हे मला नंतर कळलं.

वास्तविक घरातला संगीतरसिक मी. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव हा माझा डिसेंबरातला कुळाचार. ठाण्याहून पुण्याला जायचं, भारतीय बैठकीत मोक्याची जागा धरायची, पाठीला काही टेकायला मिळालं तर ब्रह्मानंद. एकदा मुलीला नेलं होतं. "बाबा, इथे सगळे झोपलेत," ती मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी डोळे उघडून तिच्याकडे रागानं पाहिलं.

ऑफिसात नेहमीचा विनोद झाला: "काय, सहकुटुंब सुरत लुटायला?" महाराज १६६४ आणि १६७० साली सुरतेहून भरलेल्या गोण्या घेऊन परतले. आमच्या बॅगा बोरिवलीलाच भरलेल्या होत्या. त्यातली एक निव्वळ घेराची.

फ्लाइंग राणीत मुलगी हिरमुसली, कारण आईनं तिला दुमजली गाडीच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. ते डबे १९७९ साली आले आणि २०२३ मध्ये गेले. खालच्या मजल्यावर खिडकी थेट फलाटाच्या पातळीला यायची, त्यामुळे पालघरपासून नवसारीपर्यंतच्या प्रवाशांना बायको फक्त चपलांवरून ओळखते.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात, त्या दोघी हॉटेलात. घंटीभोवती माणसं वाकून बसलेली, फिरत्या चकतीवर हिरा टेकवायचा, उचलायचा, भिंगातून बघायचा, पुन्हा टेकवायचा. गोल हिऱ्याला ५७ पैलू आणि हिरा कित्येकदा मोहरीपेक्षा लहान. असं दिवसभर बसल्यावर माणूस घरी जाऊन आडवा होईल अशी माझी समजूत. शेठनी ती दूर केली. "साहेब, आठ वाग्ये मशीन बंद. नव वाग्ये सोसायटीमां आवो. भाभी, बेबी, बधां."

"पण शेठ, रिपोर्टवर सही? पुढच्या वर्षीचा मेंटेनन्सचा करार? मंदीमुळे दर कमी करायचं म्हणत होतात…"

"मंदी दिवसे, साहेब. राते तो माताजी!"

मोठ्या मैदानांवर तिकीट काढून गरबा होतो, गायक-वादक नामांकित असतात. शेठच्या सोसायटीतला गरबा शेरीतला: मध्ये देवीचा फोटो, छिद्रं पाडलेला मातीचा घट, त्यात दिवा आणि भोवती अख्खी बिल्डिंग. मी सवयीनं बसायची जागा शोधली. एकच खुर्ची होती. तिच्यावर शेठच्या मातोश्री, म्हणजे बा, आणि त्याही दर दोन गाण्यांनी उठून तीन ताळीचा एक फेरा मारून येत होत्या. सकाळी घंटीवर वाकलेली ती सगळी पोरं इथे केडियुं घालून भिंगरीसारखी फिरत होती. मी कडेला उभा राहून बोटांवर मात्रा मोजल्या. हींच, सहा मात्रा. दादऱ्याच्याही सहाच, पण दादरा ऐकताना आमच्याकडे कोणी घामाघूम होत नाही. माझं हे निरीक्षण ऐकायला शेजारी कोणी थांबलेलं नव्हतं.

बायको मात्र दहा मिनिटांत रिंगणात. "भोंडलाच की हा," ती जाता जाता ओरडली. "मधल्या हत्तीच्या जागी घट!" खिरापत ओळखायची नव्हती, एवढंच तिला खटकलं.

मग करार सुरू झाला. शेठ रिंगणात, मी बाहेर. एका फेरीत ते माझ्यासमोर जेमतेम तीन पावलं असायचे.

"दर वीस टक्के कमी करा," टाळी, गिरकी, गेले.

उत्तर द्यायला मी पुढची फेरी येईपर्यंत थांबलो. मधल्या काळात समोरून त्यांचे मुनीम, त्यांचा मॅनेजर, माझी मुलगी आणि पुन्हा बा असे गेले.

"वीस जमणार नाही, पाच!"

"पंदर!" टाळी.

चौथ्या फेरीला त्यांनी माझा हात धरून आत ओढलं. आता आम्ही एकाच वेगानं जात असल्यामुळे बोलणं सलग झालं, पण पाय मध्ये यायला लागले. दोन पुढे, एक मागे, वळा. मी वळलो तेव्हा बाकीचे वळून झालेले असायचे. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आमचे साहेब.

"इतक्या रात्री कसला आवाज? कुठे आहात?"

"ग्राहकाबरोबर, सर. दरावर बोलणं चाललंय."

"शाब्बास. सोडू नका त्यांना."

सोडणं माझ्या हातात नव्हतंच; एका बाजूला शेठनी धरलं होतं, दुसऱ्या बाजूला मुनीमांनी.

लाउडस्पीकरला नवरात्रात दहाच्या ऐवजी बारापर्यंत सवलत मिळते. बाराला आरती झाली आणि दहा टक्क्यांवर सौदा झाला. शेठनी घामेजल्या हातानं रिपोर्टवर सही केली ती एका ढोलावर कागद ठेवून.

बायकोचा दौऱ्यातला खरा हेतू तेव्हा उघड झाला. उंधियुंत पडते ती कतारगामची पापडी सगळ्या गुजरातेत नावाजलेली. ती दोन किलो न्यायची होती. बा हसल्या. "हमणां क्यां पापडी? शियाळामां!" जिथे शेतं होती तिथे आता कारखाने उभे आहेत, हेही त्यांनी सांगितलं, आणि मग उरलीसुरली चांगली पापडी कोणाकडून घ्यायची, पोंक कुठे खायचा, पतंगाला गच्ची कोणाची, हे सगळं ठरवूनच टाकलं. "उत्तरायणे आवो. बधां!"

मुलगी नाचली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात जुळवणी करत होतो. अहमदाबादचा 'सप्तक' महोत्सव १ ते १३ जानेवारी. बसून ऐकायचा. उत्तरायण १४ ला. आता फक्त कतारगामातलं एखादं यंत्र त्याच आठवड्यात बंद पडायला हवं.

ते कोणतं, यावर शेठशी सकाळी बोलणार आहे.