सोन्याची सुरक्षितता

कामगार आणि मालक यांच्या मासिक वर्गणीतून साठणारा भविष्य निर्वाह निधी निवृत्तीनंतर काढून त्याची सोन्याची बिस्किटे करावीत, कारण कागदापेक्षा धातू सुरक्षित, असा सल्ला सुरतेत, आणि तेथील उधना-लिंबायत भागांतल्या खानदेशी घरांतही, सहज मिळतो. खरेदीलाच ३ टक्के वस्तू व सेवा कर पडतो, लॉकरचे भाडे दरसाल भरावे लागते आणि बिस्किटावर व्याज सुटत नाही, हे तपशील अर्थातच क्षुद्र होत. याच शहरात जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने वीरजी व्होरा या धनाढ्य सावकाराचा वाडा लुटला, तेव्हा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता. धातू मात्र, सल्ल्यात म्हटल्याप्रमाणे, पूर्णपणे सुरक्षित राहिला, फक्त राजगडावर.