अमेरिकेची चौथाई

सातारच्या गादीच्या वतीने बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील वसुलाचा चौथा हिस्सा आपल्या दप्तरी जमा होण्याची तजवीज झाली, हे शाळेत प्रत्येकाने घोकलेले असते. परंतु त्याच मुलखातील एखादा तरुण अभियंता न्यू जर्सीच्या भाड्याच्या घरात कऱ्हाडच्या बाजारात घेतलेली इस्त्री भिंतीला लावतो आणि ती जेमतेम कोमट होऊन स्वस्थ बसते, तेव्हा त्या सनदांचा अंमल अद्याप संपलेला नाही अशी खात्री पटते. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट, तिकडे १२०. आणि उष्णता ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळत असल्यामुळे हिशेब निम्म्यावर न थांबता शेकडा सत्तावीसवर येऊन ठेपतो. चौथाई पुरती पदरात पडते. वरचे दोन टक्के सरदेशमुखीच्या खात्यावर पोटी जमा धरावेत.

या तफावतीला कोणत्याही धर्मशास्त्राचा आधार नाही. एडिसनने आपल्या दिव्यांना सोसेल असा ११० व्होल्टांच्या आसपासचा दाब ठरविला आणि अमेरिका तेथेच रुळली. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ च्या सुमारास तांब्याच्या तारांचा खर्च वाचविण्यासाठी दाब दुप्पट केला, आणि युरोप व त्यामागोमाग आपण त्या वाटेने गेलो. जपानने तर यावर कळस केला: तोक्योने विजेची यंत्रे जर्मनीहून आणविली, ओसाकाने अमेरिकेहून, त्यामुळे आजही त्या एकाच देशाच्या पूर्वेस वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते आणि पश्चिमेस साठ. परक्याचे यंत्र घरात घेताना त्याचे कुलाचारही घरात येतात, हे तोक्योकरांना कुणी सांगितले नसावे.

आमच्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांना मात्र विजेचे बाळकडू मिळालेले आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीस उतरवून १९६२ पासून जी वीज निघू लागली, तिची क्षमता पुढे एकोणीसशे मेगावॅटच्या वर गेली. आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जे कारखान्याचे गाव वसविले, त्याच्या पंपांनी अर्ध्या महाराष्ट्राचा ऊस भिजविला. ऊस भिजविण्यास मोटारी एकदम सुरू झाल्या की ऊसपट्ट्यातील घरांतले दिवे समईसारखे मिणमिणतात, पंखा प्रत्येक पाते मोजू देतो, आणि नियमाने सहा टक्के कमीअधिक एवढीच मुभा असलेला दाब कोठवर उतरला हे स्टॅबिलायझरच्या काट्याकडे पाहून घरातले शेंबडे पोरही सांगते. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या आईबापांना अमेरिकेतील स्थिर, सभ्य, क्वचितच हलणाऱ्या १२० व्होल्टांची धास्ती वाटावी, हे मानवी स्वभावाचे एक कोडेच म्हटले पाहिजे.

धास्तीचे केंद्र मिक्सर. व्हिसा, नोकरी, तिकडची थंडी हे विषय दोन दिवसांत संपतात आणि मिक्सरचा विषय विमानतळापर्यंत पुरतो. तेथील काचेच्या भांड्याच्या यंत्रात फळांचा रस होईल, पण कांदा-लसूण चटणी होणे नाही, हा मातोश्रींचा हुकूम. आणि या हुकमावर अपील चालत नाही. खास अमेरिकेसाठी ११० व्होल्टांचे मिक्सर आपल्याच देशातले कारखानदार बनवितात आणि ते तिकडे विकतही मिळतात, ही माहिती कुणी भीतभीत पुढे केली, तर “पण त्याची भांडी आपल्या भांड्यांसारखी असतील का?” या प्रश्नाने तिचा निकाल लागतो.

मग सहकुटुंब सांगलीच्या गणपती पेठेत विजेच्या सामानाचे दुकान गाठले जाते.

“काका, मिक्सर किती वॅटचा?”

“साडेसातशे.”

“मग दीड हजाराचा ट्रान्सफॉर्मर घ्या. मोटर उठताना दुप्पट-तिप्पट ओढती. आणि स्टेप-अपच न्या बरं का. मागं एकांनी हट्टानं स्टेप-डाऊन नेला, तिकडं मिक्सर नुसता गुरगुरत बसला.”

“तीन हजाराचाच द्या. असू दे जरा मोठा.”

असू दे जरा मोठा, या तत्त्वावर आपण घरे बांधतो, लग्ने करतो आणि आता ट्रान्सफॉर्मर घेतो. तेथील भिंतीतून साधारणतः पंधरा अँपिअर, म्हणजे अठराशे वॅट निघतात आणि त्यापलीकडे मागणी करणाऱ्याचा स्विच आपोआप पडतो, ही गोष्ट दुकानदारास ठाऊक असते. पण गिऱ्हाईक स्वखुशीने जास्त देत असता शास्त्रार्थ करण्याइतका तो अव्यवहारी नसतो. शेजारच्या फळीवर तळहातावर मावणारा, स्वस्त, हलका कन्व्हर्टरही असतो. तो विजेच्या लाटा मधूनच छाटून इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंचे काम भागवतो आणि नाजूक यंत्रांचा घात करतो. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, कारण त्यास वजन नाही.

निवड होते ती करड्या पत्र्याच्या पेटीची. वर कडी, पुढे तांबडा दिवा, आत लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्याभोवती तांब्याचे वेटोळे. चालू करताच ती अशी एकसुरी गुणगुणते, की मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यांनी कान टवकारावेत. विमानात एका बॅगेस तेवीस किलो चालतात. ही पेटी आत शिरताच सातारी कंदी पेढे बाहेर येतात, पाठोपाठ सांगलीची हळद, आणि शेवटी ज्या चटणीसाठी हा सारा प्रपंच ती चटणीही, कारण आता ती तिकडे करता येणारच आहे! या सगळ्या गदारोळात मुलाच्या खिशातला फोनचा चार्जर कुणाच्या खिजगणतीत नसतो. त्याच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असते. पायातला प्लग बदलला की तो कोणत्याही मुलखात चाकरीस रुजू होतो. घरात त्याला मान नाही, कारण त्याच्यासाठी कुणाला धावाधाव करावी लागत नाही.

उलट दिशेची वाहतूकही काही कमी नाही. सातारचे एक सेवानिवृत्त शिरस्तेदार मुलाकडे सहा महिने राहून परतले, ते कॉफीचे यंत्र, टोस्टर आणि उशाशी ठेवण्याचे विजेवरचे घड्याळ घेऊन. टोस्टरला त्यांच्या बंधूंनी उत्साहाच्या भरात थेट २३० व्होल्टांचा नैवेद्य दाखविला. जवळजवळ चौपट उष्णतेने त्याने एकाच पावाचे आणि स्वतःचे एकदमच दहन केले. तेव्हा पुण्याहून स्टेप-डाऊन मागविण्यात आला आणि घड्याळ त्यास जोडण्यात आले. पण ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तने बदलत नाही. साठ आवर्तनांवर सेकंद मोजण्यास शिकलेले ते घड्याळ आपल्या पन्नासांवर दर तासाला दहा मिनिटे मागे पडू लागले, म्हणजे दिवसाला चार तास. घरच्यांनी ते काढून टाकण्याचा सल्ला दिला. साहेब ऐकेनात. त्यांचे म्हणणे असे, की भारतीय वेळेस लावून सोडले की अडीच दिवसांच्या सुमारास ते न्यू जर्सीची वेळ बरोबर दाखविते, आणि मुलाला फोन करण्यास तेवढे पुरेसे आहे.