आधी सही, मग हिशेब: ‘अर्ली डिसिजन’ला खुले पत्र

बंधनकारक अर्ली डिसिजन यास,

नमस्कार न घालता मुद्द्यावर येतो. अमेरिकेत बिझनेसची पदवी घ्यायला निघालेली मुलं ज्या घरांत आहेत, तिथे ऑक्टोबर सरत आला की रात्र रात्र खल चालतो. मग ते घर न्यू जर्सीतलं असो नाहीतर पुण्यातलं. मुलीला व्हार्टन हवं असतं, न्यूयॉर्क विद्यापीठाचं स्टर्नही आवडलेलं असतं. पण कुठला अभ्यासक्रम तिला मानवेल, कुठल्या शहरात ती रमेल, यावर कोणी बोलत नाही. बोलणं होतं ते एवढंच, की हातातली एकुलती सही कुठे करायची. सतरा वर्षांच्या मुलांच्या आयुष्यातला मोलाचा प्रश्न तू असा हिरावून घेतलास. आरोपी तू आहेस, म्हणून पत्रही तुलाच.

तुझ्या अटी स्पष्ट आहेत. तुझ्या फेरीत अर्ज एकाच विद्यापीठाला करायचा, बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांनी सह्या करायच्या. डिसेंबरच्या मध्यावर होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्या बदल्यात तू प्रवेशाची शक्यता वाढवून देतोस, आणि ती वाढ लहानसहान नाही. एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी २००३ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की नामांकित विद्यापीठांत लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅट परीक्षेतल्या सुमारे १०० गुणांइतका होता. १८८१ मध्ये स्थापन झालेलं व्हार्टन ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा (‘पेन’चा) भाग आहे, ते निम्म्याच्या आसपास जागा तुझ्याच फेरीत भरत आलं आहे. जानेवारीत नेहमीच्या फेरीत अर्ज करणाऱ्या मुलीच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात आणि त्यांच्यासाठी कितीतरी मोठी गर्दी. मागच्या दाराने निम्मं सभागृह भरून टाकायचं आणि पुढच्या दारावर ‘सर्वांचं स्वागत’ अशी पाटी लावायची, याला तू पर्याय म्हणतोस?

आणि तुझ्या फेरीचा तो घसघशीत दिसणारा प्रवेशाचा टक्काही फसवा आहे. त्यात प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात. आकडे बाहेर येतात तेही बहुतेक वेळा अख्ख्या विद्यापीठाचे असतात. बिझनेस स्कूलचं दार किती अरुंद आहे ते त्यातून कळत नाही. अशा अर्धवट माहितीवर मुलं स्वप्नांची काटछाट करतात. व्हार्टनला नकार आला तर सही वाया जाईल या भीतीने कोणी दुसरीकडेच सही करतं. त्यातूनही नकार आलाच, तर तुझा धाकटा भाऊ टपलेला असतो. स्टर्न किंवा बॉस्टन कॉलेजचं कॅरल यांच्याकडे बंधनकारक दुसरी फेरीही आहे आणि तिची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. पहिल्या नकाराचे अश्रू सुकायच्या आत तू दुसरी सही मागतोस.

सगळ्यात मोठा अन्याय पैशांचा. घराची पक्की किंमत सांगण्याआधी विसार घेणाऱ्या बिल्डरवर कोणी विश्वास ठेवणार नाही. तू मात्र आर्थिक मदत किती मिळेल हे कळण्याआधी सही घेतोस. पेनमधलं एक वर्ष, राहण्याखाण्यासकट, ९० हजार डॉलरच्या घरात जातं, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून जास्त. मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होणार नाही, ही हमी तिथे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको इथल्या नागरिकांपुरती आणि कायम रहिवाशांपुरतीच आहे. पुण्यातल्या मुलीला ती नाही. न्यू जर्सीत लहानाचा मोठा झालेल्या, पण एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या भारतीय मुलालाही नाही. मदत अपुरी पडली तर करारातून बाहेर पडता येतं, असं तू सांगशील. पडता येतं, पण तोवर दुसऱ्या कोणाचा देकार हातात नसतो. चार ठिकाणचे आकडे समोर ठेवून निवड करण्याचा मध्यमवर्गीय घराचा साधा हक्क तू काढून घेतोस. ज्यांना आकडे ताडून पाहायची गरजच नाही, त्यांना तुझ्या कराराची झळ लागत नाही.

हे आजवर कोणी बोललं नाही असंही नाही. जेम्स फॅलोज यांनी २००१ मध्येच ‘द अटलांटिक’मध्ये तुझं पितळ उघडं पाडलं. २००६ मध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने लवकरची फेरी बंद करायचं जाहीर केलं, कारण ती सधन मुलांच्या सोयीची ठरत होती. इतरांनी साथ दिली नाही. २०११ मध्ये तिघांनीही लवकरची फेरी पुन्हा आणली, पण तेव्हा तीत तुझं बंधन नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र प्रकरण मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायालयात गेलं. तुझ्यामुळे स्पर्धा मारली जाते आणि शिक्षण महागतं, असा दावा पेनसह ३२ संस्थांवर दाखल झाला.

तुझ्यावाचून अडत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. स्लोन हे बिझनेस स्कूल ज्या एमआयटीत आहे तिथे लवकरची फेरी आहे, बंधन नाही. बर्कलेच्या हासला तर लवकरची फेरीच नाही. या ठिकाणी बिझनेस शिकवणाऱ्यांचे वर्ग काही ओस पडलेले नाहीत. तेव्हा बंधन उठव. तेवढी दानत नसेल, तर निदान प्रत्येक बिझनेस स्कूलचे दोन्ही फेऱ्यांचे आकडे, खेळाडू वेगळे काढून, दरवर्षी जाहीर करायला लाव.

शेवटचं बोलायचं आहे ते हे पत्र वाचणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी. सही करण्यापूर्वी घरात दोन प्रश्न विचारा. सगळीकडे प्रवेशाची शक्यता सारखीच असती, तरी आपण हेच ठिकाण निवडलं असतं का? आणि एक डॉलरही मदत मिळाली नाही, तर चार वर्षांचा पूर्ण खर्च कर्जात न बुडता पेलेल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल सही करा. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर बंधन नसलेल्या फेऱ्यांत अर्ज करा, देकार हातात येऊ द्या आणि मग ठरवा. १ नोव्हेंबरच्या भीतीपोटी चार वर्षं गहाण टाकू नका.

— बारावीतल्या एका मुलीचा बाप