काळी पाचचे सर

उपनगरात गिटारचे क्लास गल्लोगल्ली आहेत, कीबोर्डचे इमारतीगणिक आहेत आणि तबल्याचे सर कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत निघतातच. क्लॅरिनेटचे सर मात्र शोधावे लागतात. सापडले तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सापडतात. ‘शनिवारी टाकी सफाईमुळे पाणी बंद’च्या खाली एक झेरॉक्स चिकटवलेली असते: ‘क्लॅरिनेट शिकवणी. सर्व वयोगट, सर्व स्तर. घरी येऊन शिकवू.’ इतक्या मोठ्या मनाने केलेल्या या जाहिरातीची किंमत सर तेव्हापासून चुकवत आहेत.

सर बोरिवलीला राहतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात खोडरबराची पेन्सिल, हातात काळी केस. विद्यार्थी चार दिशांना पसरलेले. 2014 साली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, त्याआधी अंधेरीची शिकवणी आटोपून घाटकोपरला जायचं तर दादरला गाडी बदला, नाहीतर अंधेरी-कुर्ला रोडवर बसमध्ये झोप काढा. आता मेट्रोने तो त्रास गेला आणि तपासणीचा आला. केस यंत्रातून जाते, पडद्यावर पाच नळकांडी आणि पन्नासएक खिळे-स्प्रिंगा दिसतात, आणि सरांना बाजूला घेतलं जातं.

“काय आहे हे?”

“क्लॅरिनेट.”

“म्हणजे सनईच ना?”

पूर्वी सर समजावून सांगायचे. सनईला जोडपत्ती असते, याला एकच. हे न्यूरेंबर्गच्या डेनरने 1700 च्या सुमारास घडवलं, मोत्झार्टने 1791 साली, म्हणजे मरणाच्या वर्षी, याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला. एकदा मोत्झार्टपर्यंत पोचेस्तोवर तीन गाड्या सुटल्या. हल्ली सर “हो, सनईच” म्हणतात आणि पुढे होतात.

सर्व वयोगटांत पहिला येतो तो सात वर्षांचा. समोरचे दोन दात पडलेले. क्लॅरिनेटचं माउथपीस वरच्या दातांवरच टेकतं, त्यामुळे सर सांगतात, “पक्के दात आले की या.” आई ऐकत नाही. “दात येईपर्यंत थिअरी घ्या ना!” मग सर थिअरी घेतात. पलीकडच्या विंगमधला मुलगा कीबोर्डच्या पाचव्या ग्रेडला बसलाय, आणि ट्रिनिटीच्या ग्रेड एकूण आठ आहेत, एवढं आईला पक्कं ठाऊक असतं. मुलाला क्लॅरिनेट आवडतं का, हा प्रश्न पुढेमागे कुणीतरी विचारेलच. दहावीची मुलगी जूनमध्ये येते आणि दिवाळीनंतर अदृश्य होते. एका गृहस्थांना कुणीतरी सांगितलंय की फुंकल्याने फुप्फुसं सुधारतात. ते सुरांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, फक्त किती सेकंद टिकला ते घड्याळात बघतात.

या सगळ्यांना सर एकाच चिकाटीने ‘ब्रेक’ ओलांडायला शिकवतात. खालच्या पट्टीतला शेवटचा सूर एक-दोन बोटांवर वाजतो आणि त्याच्या लगेच वरचा वाजवायला जवळजवळ सगळी बोटं एकदम, नेमक्या भोकांवर पडावी लागतात. एक बोट केसभर हललं की सूर निघत नाही, किंकाळी निघते. तिसऱ्या मजल्यावर निघालेली किंकाळी सातव्या मजल्यावर कशी ऐकू जाते, हे सेक्रेटरींनी सरांना लेखी कळवलेलं आहे.

पावसाळ्यात वेगळीच फजिती. हवेने पॅड ओलावतात, भोकांना चिकटतात, कळ दाबली की चट् असा आवाज येतो. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पॅडखाली सिगारेटचा कागद सरकवायचा, कळ हलकेच दाबायची, कागद काढायचा. ओल कागदात येते. सरांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही, पण स्टेशनबाहेरचा टपरीवाला त्यांना बघताच कागदाचं पाकीट पुढे करतो. मुलुंडच्या एका पालकांनी केसमध्ये ते पाकीट पाहिलं आणि पुढच्या आठवड्यापासून आजी तासभर दारात खुर्ची टाकून बसू लागल्या. सरांना वाटतं, आजींना संगीताची आवड आहे.

सरांकडे हे वाद्य दोन वाटांनी आलं. वडील लग्नाच्या बँडमध्ये, सोनेरी झालरीचा लाल कोट घालून वाजवणारे. त्यांचं क्लॅरिनेट मेरठच्या जली कोठीतून आलेलं, जिथून देशभरच्या बँडना वाद्यं जातात. गुरू मात्र गोव्याचे. चर्चच्या शाळेत सोल्फेज घोटून मुंबईत आलेल्या ज्या गोवेकरांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद भरले, त्यांतले एक. त्यांनी सरांना स्टाफ नोटेशन शिकवलं, पेन्सिलीने बोटांच्या पेरांवर मारून. पहिल्या कमाईत सरांनी धोबी तलावच्या फुर्टाडोमधून, म्हणजे 1865 सालापासूनच्या दुकानातून, स्वतःचं वाद्य घेतलं आणि लाल कोटाचा विषय घरात बंद केला. “लग्नात वाजवता का?” या प्रश्नाचा त्यांना मनस्वी राग आहे. फक्त सरांची तब्येत वर्षातून ठराविक दिवशी बिघडते आणि ते दिवस दाते पंचांगातल्या विवाहमुहूर्तांशी तंतोतंत जुळतात. गणपतीत तर अनंत चतुर्दशीपर्यंत अंथरुणातून उठवत नाही. विसर्जनानंतर ओठ सुजलेले असतात. सर म्हणतात, ताप उतू गेला.

मुलुंडचे निवृत्त बँक अधिकारी हे सरांचे सर्वात जुने विद्यार्थी. त्यांना मास्टर इब्राहिमसारखं वाजवायचंय. मास्टर इब्राहिमने क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेमातल्या गाण्यांच्या तबकड्या त्यांच्या लहानपणी घरात होत्या. काका सराव चोख करतात, वही ठेवतात, शंका तांबड्या शाईने लिहितात. सोसायटीच्या गणपतीत त्यांनी आरतीला साथ करायचं ठरवलं. पेटीवाल्याला विचारलं, “कुठला सा?” तो म्हणाला, “पांढरी एक, म्हणजे सी.” काकांनी आपला सी धरला. आता बाजारात मिळणारं नेहमीचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं. त्यावर सी म्हणून वाजवलेला सूर पेटीवर निघतो काळी पाच, बरोबर एक पूर्ण स्वर खाली. सगळी आरती दोन पट्ट्यांत झाली. भाविकांनी टाळ्यांचा जोर वाढवून वेळ मारून नेली. सर हे काकांना पहिल्या महिन्यापासून सांगत होते. वहीत ते तांबड्या शाईत तीन ठिकाणी आहे.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून येणारा पोरगा मात्र वहीच आणत नाही. हळदीच्या बँडमध्ये तो लहानपणापासून वाजवतोय. पत्ती तोंडात भिजवता भिजवता म्हणतो, “सर, तो कागद राहू द्या. तुम्ही एकदा वाजवा.” सर वाजवतात. तो ऐकतो, ओठ पुसतो आणि तेच वाजवून दाखवतो, शेवटी स्वतःची एक मुरकी जोडून. ब्रेक कुठे आला, कुठे गेला, पत्ताच लागत नाही. सर पेन्सिल खाली ठेवतात. मग त्याने वाजवलेलं कागदावर उतरवतात आणि दाखवतात: हा सूर तू वाजवलास, याचं नाव हे. पोरगा कागदाकडे परक्याच्या जन्मपत्रिकेकडे बघावं तसा बघतो. त्याची फी दर महिन्याला थकते आणि सर दर महिन्याला ती मागायची विसरतात. दुधाच्या दातवाल्याच्या आईकडून मात्र पाच तारखेला न चुकता घेतात, यात मला तरी काही चूक दिसत नाही.

पोराला हल्ली चार ओळी वाचता येतात. सरांनाही एक नवी मुरकी येते, ती ते गुरूंच्या नावावर खपवतात.

असे सर तुमच्या इमारतीत येत असतील तर दोन विनंत्या. शिकणाऱ्याच्या पहिल्या वर्षात सेक्रेटरीकडे अर्ज देऊ नका. आणि लिफ्टमध्ये सरांना लग्नाचं उगाच विचारू नका. घरात कार्य असेल तरच विचारा, तारीख सांगून विचारा. मोकळे असले तर येतात. निम्मे पैसे आगाऊ, आणि कोट त्यांचा स्वतःचा असतो.