डबल नाणी

नाण्यांच्या बाबतीत मी अगदी निर्व्यसनी माणूस. हातात नाणं आलं की ते खर्च कसं होईल एवढंच पाहतो. कोणी घेईना, तर देवळातल्या दानपेटीत टाकून पुण्य पदरात पाडून घेतो. पण सासुरवाडी अशी मिळाली, की तिथे नाण्यांवाचून पान हलत नाही. एका बाजूला आमचे साडूभाऊ, ते नाणी जमवतात. दुसऱ्या बाजूला बायकोचे नाशिकचे मामा, ते नाण्यांचा अभ्यास करतात. या दोघांत फरक काय, हे मला बराच काळ उमगलं नव्हतं. एकाला पेन्शन आहे आणि दुसऱ्याची नोकरी अजून चालू आहे, एवढाच तो असावा अशी माझी समजूत होती.

साडूभाऊंचा संग्रह पाहायला मागावा लागत नाही. पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत अल्बम मांडीवर येतो. प्लॅस्टिकच्या खिशांत नाणी, प्रत्येक खिशाखाली चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीला तोंडी पुरवणी: "हे दोनशेला घेतलं, आज बाराशेच्या खाली कोणी देणार नाही." शेवटच्या पानावर ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट आहे. ती लाखोंना जाणार, असा निरोप त्यांना व्हॉट्सॲपवर आला होता. जुन्या नोटा आणि नाणी विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांना गंडवलं जातंय, सावध राहा, असं खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं. साडूभाऊंनी त्या बातमीचं कात्रण कापून नोटेशेजारीच लावलं. म्हणाले, "पुढेमागे हेही दुर्मिळ होईल."

मामांकडे मात्र पाहुण्यांना दाखवण्यासारखं काहीच नाही. खोक्यात कागदी पाकिटं, पाकिटांवर पेन्सिलीने वजन, व्यास आणि मिळाल्याचं ठिकाण. आतलं नाणं बहुधा काळपट, झिजलेलं, एका कडेने चेपलेलं. घरातल्या पिकदाणीचा तुटका पाय परवडला, असं त्याचं रूप.

दोघांची पहिली मोठी चकमक मी पाहिली ती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. साडूभाऊंनी आपली तांब्याची नाणी पूजेसाठी सासूबाईंच्या हवाली केली होती. सासूबाईंनी ती चिंच आणि रांगोळी लावून अशी घासली, की समईच्या उजेडात डोळे दिपावेत. साडूभाऊ खूश. मामांनी एक नाणं दोन बोटांत कडेने धरलं (ते नाणं कधीही पोटावर बोट ठेवून धरत नाहीत), भिंग लावलं आणि खाली बसले. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जो गडद थर चढतो तो मळ नसतो. तोच खालच्या धातूला जपतो. रांगोळीने तो गेला आणि जाताना अक्षरांच्या कडाही घेऊन गेला. खालून निघालं ते गुलाबी, नवंकोरं, निरक्षर तांबं. तरी मामा बहिणीला चकार शब्द बोलले नाहीत. भाऊबीज दोन दिवसांवर होती.

दुसरी चकमक रामपंचायतनाची. साडूभाऊंच्या अल्बममध्ये मानाच्या जागी एक नाणं आहे. एका बाजूला रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. त्याच्या अंगी चुंबकशक्ती आहे, तांदूळ ओढून घेतं, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. साडूभाऊंनी घरी तांदूळ ठेवून पाहिले. जमलं नाही, तेव्हा "बासमतीच लागत असणार" म्हणून ते गप्प बसले.

"जावईबापू," मामा म्हणाले, "१८१८ मध्ये कंपनीने पेशवाई बुडवली. त्याच वर्षी तिने रामपंचायतनाचं नाणं पाडलं असेल, तर पेशव्यांनी शरण जायला एवढा उशीर का केला?"

भाविकांसाठी राम-सीतेची पदकं पूर्वीपासून बनत, त्यांना रामटंका म्हणतात. ती पूजेची, बाजारात चालवायची नव्हेत. त्यांच्यावर कंपनीचं नाव आणि साल चढवण्याची करामत पुढच्या बाजारातली. मामांनी हे सगळं सांगितलं. साडूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाणं पुन्हा मानाच्या जागी ठेवलं.

इथवर मला वाटत होतं, की खरं-खोटं ओळखता आलं म्हणजे माणूस अभ्यासक होतो. तेवढं तर कुठल्याही सराफाला येतं. जुना राणीछाप रुपया तोळ्याला, म्हणजे ११.६६ ग्रॅमला उतरला पाहिजे. काट्यावर टाका, नऊ भरला की समजा आपली राणी दुसरीच कोणी. खरी मेख कुठे आहे, ते मला साडूभाऊंच्या तोंडच्या एका शब्दाने दाखवलं. तो शब्द म्हणजे 'डबल'.

शाळेत काड्यापेट्यांची चित्रं जमवणारी मुलं हाच शब्द वापरायची. "डबल आहे, देऊ?" जमवणाऱ्याच्या अल्बममध्ये प्रत्येक नाण्याला एक खिसा असतो, आणि खिसा भरला की तो विषय मिटला. तसलंच दुसरं आलं की ती अडगळ. साडूभाऊंकडे १८६२चे राणीछाप रुपये मूठभर जमले होते. एक ठेवून बाकीचे मोडीत घालायचं त्यांनी ठरवलं. बातमी फोनवरून नाशिकला पोचली आणि मामा दुपारच्या बसने दारात हजर.

भानगड अशी, की राणीच्या रुपयावर १८६२ हे साल आलं ते पुढे १८७४ पर्यंत तसंच राहिलं. वर्षं उलटत होती, टाकसाळी चालू होत्या, रुपयाचं वय मात्र वाढत नव्हतं. मग कोणता रुपया कधीचा? मुंबईच्या टाकसाळीने सालाच्या वरखाली बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. ते ठिपके मोजले की वर्षाचा माग लागतो. मामा चष्मा कपाळावर सरकवून, भिंग डोळ्याला लावून ठिपके मोजत बसले. "हा वेगळा. हाही वेगळा. जावईबापू, यात डबल एकही नाही हो!" साडूभाऊंनी भिंगातून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "माशी बसली असेल."

अशीच गंमत १९११च्या रुपयाची. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या झग्यात मानचिन्हांची साखळी आहे आणि त्या साखळीत इवलासा हत्ती. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड काढली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या छातीवर डुक्कर आणि ते नाणं हिंदू-मुसलमान दोघांच्या खिशात! ओरड झाली, आणि १९१२मध्ये सोंड लांब करून नवा ठसा आला. साडूभाऊंना ही गोष्ट फार आवडते, कारण ती किमतीआधी सांगता येते. मामा मात्र दोन्ही सालचे रुपये शेजारी ठेवून सोंडच बघत बसतात. नखाच्या चंद्रकोरीएवढ्या जागेत एक साम्राज्य कसं ओशाळलं, ते त्यांना तिथे दिसतं. मलाही त्यांनी दाखवलं. खोटं कशाला सांगू, १९१२चा हत्तीही मला जरा डुकरासारखाच वाटला.

पण डबलचा खरा महिमा कळायला जोगळटेंभीला जावं लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी! सगळी एकाच राजाची, एकाच धाटणीची. साडूभाऊ तिथे असते तर एक खिशात घालून "बाकीची डबल आहेत" म्हणत घरी आले असते. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला आहे. कमानींचा डोंगर, चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. नव्या राजाने जुन्याची नाणी वितळवण्याचा खर्चही केला नाही, सरळ त्याच्या तोंडावर आपली मोहोर उठवली. कुठे नाक शिल्लक, कुठे कान, कुठे डोंगराच्या कमानीखालून डोकावणारा एक डोळा.

जमवणाऱ्याच्या लेखी हे नाणं वाया गेलेलं, ना याचा चेहरा धड, ना त्याची चिन्हं धड. मामांच्या लेखी तो पंचनामा. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने, म्हणजे सातकर्णीच्या आईने, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं कोरून ठेवलंय. आईने मुलाविषयी सांगितलेली गोष्ट कितपत धरायची, हे आपण सगळेच जाणतो. पण इथे हजारो साक्षीदार एकाच सुरात तेच सांगतात. एकच नाणं मिळालं असतं, तर तो टाकसाळीतला घोटाळा म्हणून सोडून देता आला असता. हजारो झाली की त्याला सत्तांतर म्हणतात.

अंजनेरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर, नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. १९८० मध्ये सुरू झालेली. मामा आम्हा दोघा जावयांना एकदा तिथल्या संग्रहालयात घेऊन गेले. साडूभाऊंनी दारातच विचारलं, "इथे विकत मिळतं का काही?" मिळत नाही म्हटल्यावर त्यांचा जीव लवकर रमेना. मामा मात्र काचेला नाक लावून, जे कधीच आपलं होणार नाही अशा नाण्यापुढे, जेवणाची वेळ टळेपर्यंत उभे होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी अंकुशी रुपया समजावला. पेशवाईतला, पुण्याकडचा. मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, तरी रुपयावर नाव मुघल बादशहाचंच, तेही फारसीत. आपली खूण म्हणून कोपऱ्यात एक अंकुश. रुपया पाडायचा ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, म्हणून पुरी ओळ कुठल्याच रुपयावर मावत नाही. एकावर आरंभ उमटतो, दुसऱ्यावर मधला तुकडा, तिसऱ्यावर सालाचा एक आकडा. ठशावर काय होतं, ते वाचायचं तर अनेक रुपये शेजारी मांडावे लागतात. "एका नाण्यावरून फक्त किंमत कळते, जावईबापू," मामा म्हणाले, "मजकूर डबलांत असतो." मला तो फरक नेमका त्या क्षणी कळला, आणि नेमक्या त्याच क्षणी साडूभाऊंना डुलकी लागली होती.

शिवराईचं तर विचारूच नका. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवछत्रपतींनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईतही पडत राहिलं, अनेक टाकसाळींत, अनेक हातांनी. त्यामुळे कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे वेलांटीची दिशा बदललेली. एरवी मामा पत्रात 'आशिर्वाद' लिहितात, पण शिवराईतला 'ति' ऱ्हस्व की दीर्घ यावर त्यांनी एका स्नेह्याशी बोलणं टाकलं आहे.

साडूभाऊ पुण्याच्या जुन्या बाजारातून शिवराया आणतात. "कुठे सापडल्या?" मामांचा पहिला प्रश्न. "जुन्या बाजारात," साडूभाऊंचं अभिमानाने उत्तर. मामा सुस्कारा सोडतात. जुन्या बाजारात नाणं सापडत नाही, तिथे ते हरवतं. कोणत्या शेतात, कोणत्या मडक्यात, कोणत्या नाण्यांच्या संगतीत होतं, ते सगळं पुसून ते चादरीवर येऊन पडतं. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. साडूभाऊंना हे प्रथम कळलं तेव्हा ते दचकून म्हणाले, "म्हणजे सोफ्याच्या फटीत वीस रुपये सापडले तरी?"

आता दोघांत तह झाला आहे. दर दिवाळीला साडूभाऊ आपल्या डबल शिवराया, झिजलेले रुपये आणि चेपलेले पैसे पिशवीत भरून मामांना देतात. मोबदल्यात मामा त्यांना एक झगझगीत, अखंड, सालासकट वाचता येणारं नाणं देतात. ज्यात त्यांच्यापुरतं वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं, असं. व्यवहार देवापुढे, सासूबाईंच्या साक्षीने होतो. मग साडूभाऊ मला गॅलरीत नेऊन म्हणतात, "बिचारे मामा! भंगार घेऊन सोनं देतात. वय झालं." आणि मी पाणी प्यायला आत गेलो, की मामा स्वयंपाकघराच्या दारात गाठून माझ्या कानाला लागतात, "जावईबापू, तुमच्या साडूंना काही सांगू नका हं. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांना असंच राहू दे."